साठा आणि शिल्लक
(प्रस्तावना)

१५ ऑक्टोबर ही महाराष्ट्रातल्या पाण्याच्या हिशोबाची तारीख. परतीचा पाऊस ओसरत आलेला असतो, धरणांचे दरवाजे उतरवलेले असतात आणि कुठे किती पाणी उरले याचा आकडा कागदावर येतो. त्या आकड्यावर कालवा सल्लागार समित्यांच्या बैठका होतात. रब्बीला किती आवर्तने, उन्हाळ्याला किती, पिण्याला किती, कारखान्यांना किती याची वाटणी ठरते. मंत्री, आमदार, अधिकारी, पाणीवापर संस्थांचे प्रतिनिधी एकत्र बसतात आणि चर्चा बहुधा एकाच मुद्द्यावर तापते: आणखी एक आवर्तन बसेल का? पुढच्या वर्षी पावसाने पाठ फिरवली तर त्यासाठी आत्ताच किती पाणी मागे ठेवायचे, हे विचारणारा माणूस त्या बैठकीत क्वचितच भेटतो.

दोष बैठकीला बसणाऱ्यांचा नाही. आपल्याकडचे मोठे सिंचन प्रकल्प सर्वसाधारणपणे ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखले जातात. साध्या भाषेत, चारांपैकी तीन वर्षे ठरल्याप्रमाणे पाणी मिळेल, एक वर्ष मिळणार नाही, हे आराखड्यातच मान्य केलेले असते. दुष्काळ म्हणजे नेमके ते चौथे वर्ष. ते कधी येईल हे सांगता येत नाही. येईल एवढे मात्र नक्की. तरीही त्या वर्षासाठी बहुतेक ठिकाणी ना पाणी बाजूला काढलेले असते, ना नियम लिहिलेला असतो. बियाण्याची कणगी वेगळी ठेवणारा, घरात चणचण असली तरी तिला हात न लावणारा शेतकरी आपल्याला परका नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण बियाण्यासकट सगळे धान्य दळायला टाकतो.

या ग्रंथाचा विषय दुष्काळी मुलखातली साठवण वाढवणे हा आहे. साठवण वाढवायला हवी, याबद्दल यातल्या एकाही लेखकाचे दुमत नाही. पण साठवणीची क्षमता आणि वाईट वर्षाच्या अखेरीस हाताशी उरलेली शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली वाढली म्हणून दुसरी आपोआप वाढत नाही, हे सूत्र सगळ्या लेखांतून फिरते. पुढची पाने त्याच सूत्राची उकल करतात.

क्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्राला नावे ठेवायला जागा नाही. राज्यात दोन हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत. देशात दुसऱ्या कोणत्याही राज्यात इतकी नाहीत. असे असूनही एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी दहा वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटर पाण्याची होती. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण त्या वेळी कोरडे पडले होते. या धरणाची एकूण क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, व्यवहारातल्या भाषेत दलघमी. धरण होते, कालवे होते, लाभक्षेत्रात उसाचे फड आणि साखर कारखाने उभे राहिले होते. सलग पाऊस चुकल्यावर पुरेल एवढे पाणी मात्र नव्हते.

हे लातूरपुरते नाही. राज्याच्या एकूण पिकाखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा थोडा, पण सिंचनाच्या पाण्यात तो निम्म्याहून अधिक असल्याचे अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. साठा तयार झाला की त्याच्या भोवती मागणी उभी राहते आणि ती साठ्याच्या सरासरीला नव्हे, त्याच्या चांगल्या वर्षाला बेतलेली असते. चांगल्या वर्षी लावलेला ऊस वाईट वर्षीही उभा असतो. चांगल्या वर्षी धरलेली मोसंबी दुष्काळात पाणी मागते, आणि मिळाले नाही तर केवळ त्या हंगामाचे उत्पन्न बुडत नाही, पाच-सहा वर्षे जोपासलेले झाड जाते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कित्येक शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बागांवर कुऱ्हाड चालवली. त्यांच्या दृष्टीने शिल्लक हा चैनीचा विषय नव्हता.

निसर्गाने या मुलखाला दिलेली परिस्थितीही समजून घ्यायला हवी. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. घाट उतरून पूर्वेला आले की माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास येतो. तोही नेमून दिलेल्या दिवशी पडत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा आणि गोदावरीच्या काठची गावे पुराच्या पाण्यात होती, खरिपाची उभी पिके आणि कित्येक ठिकाणी शेतातली मातीही वाहून गेली. कोरडा आणि ओला दुष्काळ आता एकमेकांच्या पाठोपाठ त्याच शिवारात येतात. अशा वेळी साठवणीला दोन कामे एकदम करावी लागतात: धो धो आलेले पाणी थोपवायचे आणि न आलेल्या पावसाची भरपाई करायची.

त्यात पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण. राज्याचा चार-पंचमांश भाग बेसॉल्टने व्यापलेला आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. काही अखंड, कठीण आणि कोरडे, काही भेगाळलेले किंवा झिजून मुरूम झालेले. पाणी राहते ते या भेगांत आणि मुरमात. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळासारखा खोल, विस्तीर्ण भूजलसाठा इथे नाही. विहीर पावसाळ्यात तुडुंब भरते आणि फेब्रुवारीत तळ दाखवते, याचे कारण या खडकात आहे. मराठवाड्यातला शेतकरी धरणाकडे आशेने पाहतो ते उगाच नाही.

साठवणीचा विचार या भूमीला नवा नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. नदीत एकापाठोपाठ एक छोटे बंधारे, त्यातून निघणारे पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे ठरावीक फड. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे, पाटकरी नेमायचा, आणि पाणी कमी पडणार असे दिसले की काही क्षेत्र पडीक ठेवायचे. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो तलाव उभे राहिले. त्यात कोहळी समाजाचे कौशल्य मोठे. मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव राहिले. मालकी बदलली तशी गाळ काढायची, पाळ दुरुस्त करायची जबाबदारीही हरवली. बीडची निजामशाही काळातली खजाना बावडी तर आजही पाहायला मिळते: भूमिगत बोगद्यांनी पाणी आणून उताराने शेतीला देण्याची सोय तिथे आहे. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ साली सरकारला सुचवले होते की, डोंगर-टेकड्यांवरून वाहून जाणारे पाणी ताली-बंधाऱ्यांनी अडवावे, ते शेतात मुरवावे आणि त्या कामाला फौज-पोलिसांतले रिकामे हात लावावेत. पाणलोट विकासाचा आजचा कोणताही आराखडा याहून फार वेगळे काही सांगत नाही.

१८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये इंग्रज सरकारने तलाव-कालव्यांची कामे हाती घेतली. पुढे प्रवरेवर भंडारदरा, वेळवंडीवर भाटघर अशी मोठी धरणे झाली आणि त्यांच्या कालव्यांवर साखरपट्टा उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर बर्वे आयोगाने १९६२ मध्ये राज्याच्या सिंचनाचा पहिला सर्वंकष आराखडा दिला. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात रोजगार हमीच्या कामांवर होते. त्या हातांनी खोदलेले पाझर तलाव आजही गावोगाव आहेत. १९९९ मध्ये माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने खोरे आणि उपखोरे हा नियोजनाचा पाया धरला. एवढ्या विचारातून, एवढ्या श्रमातून जे उभे राहिले ते कमी नाही. त्यात उणीव राहिली ती वापराच्या नियमांची.

ग्रंथाचे पाच भाग आहेत: माती, खडक, गाव, धरण आणि खोरे. हा क्रम जाणीवपूर्वक आहे. थेंब जिथे पडतो तिथून सुरुवात करून तो जिथवर वाहत जातो तिथवर जायचे, असा विचार त्यामागे आहे.

साठवण म्हटले की मातीचे नाव कोणी घेत नाही, म्हणून पहिला भाग तिचा. मीटरभर खोलीच्या चांगल्या काळ्या जमिनीत पिकाच्या मुळांना घेता येईल असा दीडशे मिलिमीटरच्या आसपास ओलावा मावतो. हेक्टरी हिशोब केला तर हे १५ लाख लिटर पाणी झाले. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी याच पाण्यावर येते. पेरणीनंतर पाऊस पडला नाही तरी ती जमिनीतल्या ओलीवर दाणा भरते. बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, शेणखत, पालापाचोळा जमिनीवर राखणे ही कामे म्हणजे या साठ्याची क्षमता वाढवणे आहे. या साठ्याला प्लास्टिक लागत नाही, वीज लागत नाही, वाटपाचे भांडणही होत नाही. उणीव एकच: तो मुख्यतः एका हंगामापुरता असतो.

दुसरा भाग खडकाचा. पाझर तलाव, माती नालाबांध, सिमेंट नालाबांध, समपातळी चर ही कामे मुरुमात आणि भेगांत पाणी भरतात. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने अशी लाखो कामे केली. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये नोंदवले की, सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात अभियानाचा परिणाम फारसा दिसला नाही. या निष्कर्षावर वाद झाले, होत राहतील. काही गावांत नक्कीच फरक पडला, आणि २०२३ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पाही सुरू झाला. पण मूळ अडचण अशी की खडकातला साठा सगळ्यांचा असतो आणि उपसा ज्याचा त्याचा. भरलेल्या भेगेत पहिला बोअर ज्याचा, पाणी त्याचे. शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहीर घेऊ नये असे राज्याचा भूजल कायदा सांगतो. तो २०१४ पासून लागू आहे, आणि रिगच्या गाड्या रात्री-अपरात्री पाचशे फुटांपर्यंत उतरत आहेत. मुरवणारा आणि उपसणारा यांच्यात करार नसेल तर मुरवण्याचे प्रत्येक काम नव्या बोअरचे आमंत्रण ठरते.

तिसऱ्या भागात गावाच्या हाताशी असलेली साधने येतात. त्यातली दोन जवळून पाहण्यासारखी आहेत. पहिले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. नदीपात्रात दगडी किंवा काँक्रीटच्या खांबांची रांग, प्रत्येक खांबाला उभ्या खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, एकावर एक सोडायचे, बरग्यांच्या दोन रांगांमधल्या पोकळीत माती दाबून भरायची, आणि पाणी अडले. पावसाळ्याच्या तोंडाशी सगळे बरगे काढून काठावर रचायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. रचना इतकी साधी आणि स्वस्त की राज्यभर तिचा प्रसार झाला. खरी परीक्षा असते ती तारखेची. बरगे लवकर घातले आणि परतीच्या पावसाने पूर आला तर बंधारा टिकतो, पण पाणी काठाकडून वाट काढते आणि भराव, शेजारची शेते वाहून जातात. उशिरा घातले तर नदी आटून गेलेली असते. त्या पंधरा-वीस दिवसांच्या खिडकीत बरगे घालायला माणसे हवीत, मजुरीचे पैसे हवेत, आणि निर्णय घेणारा जागेवर हवा. अनेक बंधाऱ्यांचे बरगे गंजले, काहींचे चोरीला गेले. खांब मात्र उभे आहेत. सरकारी यादीत त्या बंधाऱ्यांची क्षमता अजून जशीच्या तशी नोंदलेली असते.

दुसरे शेततळे. तीस बाय तीस मीटर तोंड, तीन मीटर खोली, उतरते काठ, तळाला आणि बाजूंना ५०० मायक्रॉनचा काळा कागद, भोवती तारेचे कुंपण. यात साधारण २२ लाख लिटर पाणी बसते. कागदावर कल्पना अशी होती की, शिवारात वाहणारे पाणी यात साठेल आणि एक-दोन संरक्षित पाण्यांवर पीक वाचेल. प्रत्यक्षात बागायती पट्ट्यात कित्येक अस्तरित शेततळी विहिरीतल्या आणि बोअरमधल्या पाण्याने भरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, विहिरींना पाणी असताना, मोटर रात्रंदिवस चालवून भूजल वर आणायचे आणि उन्हाळ्यात डाळिंब-द्राक्षांना द्यायचे. खडकाच्या सावलीतले पाणी असे उघड्यावर येते. मे महिन्यात मराठवाड्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर थर उडतो. काठोकाठ भरलेल्या या तळ्यातून तेवढ्याने रोज सात ते नऊ हजार लिटर पाणी जाते, आणि शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ लवकर दिसतो.

यावरून शेतकऱ्याला बोल लावणे सोपे आहे. या ग्रंथातल्या लेखकांनी ते टाळले, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्याच्या बागेत लाखोंची गुंतवणूक उभी आहे आणि ज्याला कोणत्याही सार्वजनिक साठ्यातून वाईट वर्षी एका पाण्याचीही हमी नाही, तो स्वतःची शिल्लक स्वतः बांधणारच. सार्वजनिक शिल्लक नसल्यामुळे प्रत्येकाने आपापली शिल्लक काळ्या कागदात गुंडाळली आहे. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीसारख्या गावांत चित्र थोडे वेगळे दिसते, कारण तिथे आधी पूर्ण पाणलोटाचे काम झाले आणि शेततळी नंतर आली. क्रम उलटला की तेच साधन सामायिक साठा पोखरते.

चौथा भाग मोठ्या धरणांचा, आणि वादाचाही. गोदावरीवरचे पैठणचे जायकवाडी घ्या. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. एकूण क्षमता २,९०९ दलघमी, म्हणजे सुमारे १०२ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २,८३० कोटी लिटर. यातले ७३८ दलघमी मृतसाठ्याचे, म्हणजे दरवाज्यांच्या पातळीखाली राहणारे. नाथसागर, म्हणजे या धरणाचा जलाशय, उथळ आहे. पूर्ण भरल्यावर तो सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो. एवढ्या पृष्ठभागावरून मीटरभर थर जरी उडाला तरी ३५० दलघमी पाणी गेले, म्हणजे मांजरा धरणाच्या एकूण क्षमतेच्या दीडपट. पाणी ओसरते तसे पात्र आक्रसते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून कमी राहतो; तरीही पाणी पुढच्या वर्षासाठी राखायचे तर उथळ धरणात राखणे किती महाग पडते, याचा अंदाज येतो. शिल्लक खोल पात्राच्या धरणांत ठेवावी आणि उथळ धरणे आधी वापरावीत, हा विचार म्हणूनच खोऱ्याच्या पातळीवर करावा लागतो. पण खोल धरणे नाशिक-अहिल्यानगरच्या डोंगराजवळ आणि उथळ धरण मराठवाड्याच्या तोंडाशी. जलशास्त्र संपते तिथे राजकारण सुरू होते.

उजनीची गोष्ट आणखी बोलकी. सोलापूर जिल्ह्यात भीमेवरचे हे धरण सुमारे ११७ टीएमसीचे, पण उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या आसपास. मृतसाठाच ६३ टीएमसीहून अधिक. उन्हाळा आला की वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे तीस टक्के’, ‘उणे पन्नास टक्के’ अशा बातम्या येतात. उपयुक्त साठा संपवून मृतसाठ्यातून उपसा सुरू आहे, असा त्याचा अर्थ. एका दृष्टीने उजनीत राज्यातली सर्वांत मोठी शिल्लक पडून आहे. पण ती कधी काढायची, कोणी काढायची, कोणत्या क्रमाने द्यायची याचा आगाऊ ठरलेला नियम नसल्याने दर दुष्काळात नव्याने संघर्ष होतो. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी नदीतून पाणी सोडायचे तर शहराला लागते त्याच्या कित्येक पट सोडावे लागते. उरलेले वाटेतल्या वाळूत मुरते, उन्हात उडते, काठच्या मोटरी ओढतात.

धरणांबद्दल लिहिताना पाण्याखाली गेलेल्या गावांना विसरता येत नाही. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून हा प्रश्न महाराष्ट्रापुढे आहे. जायकवाडी, उजनी, कोयना यांच्या धरणग्रस्तांपैकी अनेकांची वस्ती पुढच्या पिढीतही नीट लागली नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा खर्च १९८० च्या दशकातल्या ३७२ कोटींवरून हजारो कोटींच्या घरात गेला. चांगल्या जागा बहुतेक वापरून झाल्या आहेत. नवी मोठी साठवण उभारायची तर ती महाग आणि वादाची असणार, हे गृहीत धरूनच पुढे जायला हवे. आहे त्या तलावांतला गाळ काढून शेतात टाकणे, बंधाऱ्यांना बरगे पुरवणे, कालव्यांची गळती थांबवणे या कामांना उद्घाटनाचा फलक मिळत नाही. नव्या धरणापेक्षा पाणी मात्र ती लवकर देतात.

पाचवा भाग खोऱ्याचा. कृष्णेचे पाणी उचलून टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना सांगली-सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांत नेतात. या योजनांनी आटपाडी, जत भागाचे रूप पालटले, हे कोणीही कबूल करील. पण हे पाणी विजेवर चालते. बिले थकली की पंप थांबतात, म्हणून बिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, असे सूत्र ठरवावे लागले. या योजनांतला सर्वांत आशादायक भाग असा की पावसाळ्यात, नदी दुथडी भरून वाहत असताना, तेच पंप चालवून गावोगावचे तलाव भरता येतात. पुराचे पाणी दुष्काळी पट्ट्यात साठवण्याचा हा मार्ग उन्हाळ्यातल्या उपशाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याला नवे धरण लागत नाही.

खोऱ्याच्या पातळीवर नियम लिहिण्याचा एक प्रयत्न आपल्याकडे झाला, आणि तो या ग्रंथाच्या केंद्रस्थानी आहे. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले आणि समन्यायी वाटपाचे तत्त्व कायद्यात आले. गोदावरी खोऱ्यातल्या वाटपावरच्या मेंढेगिरी अभ्यासगटाच्या अहवालाच्या आधारे प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा, पालखेड या समूहांतून ठरल्या प्रमाणात पाणी खाली सोडायचे. २०२३ मध्ये या सूत्रानुसार ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. आंदोलने झाली, न्यायालयात याचिका झाल्या, ६५ चा आकडा बदलावा अशी मागणी होत राहिली. आकडा चुकीचा असू शकतो. पण आगाऊ ठरलेला आकडा असणे ही मोठी गोष्ट आहे. त्यामुळे भांडण ‘पाणी द्यायचे की नाही’ यावरून ‘किती आणि कसे’ यावर आले.

नियम लिहिण्याचे धडे गावांनीही दिले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशोबाने, दर माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे, भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस नाही. हिवरे बाजार या गावात पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, पाऊस कमी असेल त्या वर्षी रब्बीचे क्षेत्र कमी केले जाते आणि शेतीसाठी बोअर घ्यायला गावाने बंदी केली आहे. दोन्ही ठिकाणी तंत्र नवे नव्हते. चौथ्या वर्षी कोणी काय सोडायचे, हे पहिल्या वर्षीच ठरले होते. फड पद्धतीतले गावकरीही हेच करीत.

वाचकाने एक प्रश्न मनात धरून हा ग्रंथ वाचावा, अशी विनंती आहे. साठवणीचे प्रत्येक काम, मग ते शेततळे असो, बंधारा असो की धरण, त्याच्याबद्दल विचारावे: पाऊस चुकलेल्या वर्षाच्या मे महिन्यात यात किती पाणी असेल, आणि ते कोणाचे असेल? या कसोटीवर काही झगमगीत योजना उतरत नाहीत आणि काही दुर्लक्षित कामे मोठी ठरतात. ग्रंथात भर शेतीच्या पाण्यावर आहे. शहरे आणि उद्योग यांचा विचार शेतीच्या पाण्याशी जिथे टक्कर होते तिथेच आला आहे. लेखकांमध्ये अभियंते आहेत, भूजलाचे जाणकार आहेत आणि कालव्याच्या शेवटच्या चारीवर पाळीची वाट पाहणारे शेतकरीही आहेत. त्यांचे एकमेकांशी सगळे पटत नाही. मतभेद तसेच ठेवले आहेत. ज्यांनी वेळ काढून लिहिले, नकाशे दिले, आपल्या शेतावर नेऊन पाणी दाखवले, त्या सगळ्यांचे आभार.

संपादक म्हणून माझा आग्रह एवढाच. यापुढे साठवणीच्या कोणत्याही कामाला मंजुरी देताना त्याच्या अंदाजपत्रकाला तुटीच्या वर्षाचा नियम जोडलेला असावा: किती पाणी मागे ठेवायचे, कोणते पीक आधी थांबायचे, पिण्याला आणि जनावरांना किती, बागेला किती, आणि जो थांबेल त्याला काय भरपाई. हा कागद धरणाच्या भिंतीपेक्षा स्वस्त आहे, पण लिहायला जास्त अवघड, कारण तो लिहिताना कोणाला तरी ‘नाही’ म्हणावे लागते. ते चांगल्या पावसाच्या वर्षीच म्हणता येते, लोक शांत असताना, तळी भरलेली असताना. दुष्काळ आल्यावर नियम लिहायला बसले की जो बलवान, त्याचाच नियम होतो.

— संपादक